वीस रुपये

रविवारची मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात आपण घटकाभर बोलत उभे राहतो. तेलाचा डबा, गॅसची टाकी, मुलांची फी यांवर बोलणे झाले, की कोणीतरी म्हणतेच, ‘महागाई फार झाली हो.’ सगळे माना डोलावतात. पण ज्याचे पोट हातावर आहे असा आपल्या ओळखीचा माणूस त्याच महागाईपायी आपला दर वाढवतो, तेव्हा मात्र आपण तिला महागाई म्हणत नाही. तो माणूस माजला, असे म्हणतो. दर वाढवणे हे पाप आहे काय? आणि दर वाढला म्हणून वर्षानुवर्षांच्या माणसाला न सांगता सोडून जाणे, हे काय आहे? हा प्रश्न आम्हाला एका केस कापायच्या दुकानाच्या दारात पडला. त्यात आमचीच बाजू लंगडी होती, म्हणून तो येथे मांडत आहोत.

दुकान वैरागमधलेच, आमच्या घराजवळचे. दुकानदारांना आम्ही मामा म्हणतो. आमच्या घरातली आजोबांपासून नातवापर्यंतची चार डोकी त्यांच्याच खुर्चीत बसत आली. आजोबा दोन महिने अंथरुणाला खिळले होते, तेव्हा मामा पेटी घेऊन घरी आले आणि जास्तीचा रुपया घेतला नाही.

२५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी झाली आणि त्यांचे दुकान बंद पडले. राज्यातील सलून पुन्हा उघडली ती २८ जूनला, तीही अटींवर. सुरुवातीला दाढीला परवानगी नव्हती. हातमोजे, मास्क, अॅप्रन हवा, प्रत्येक गिऱ्हाइकानंतर खुर्ची जंतुनाशकाने पुसायला हवी, टॉवेल एकदा वापरून टाकायचा. राज्यात अनेक ठिकाणी त्या वेळी दर वाढले. मामांनीही पाटीवरच्या ५० वर कागद चिकटवून ७० लिहिले. बंद काळातले दुकानभाडे माफ झाले नव्हते, हे आम्हाला ठाऊक होते. तरीही पाटी वाचून आम्हाला राग आला. चार डोक्यांचे महिन्याला ऐंशी रुपये जास्त! स्टँडकडे एका तरुणाने नवे दुकान टाकले होते, तेथे पन्नासच होते. आम्ही तिकडे जाऊ लागलो. मामांना काहीच बोललो नाही. फक्त त्यांच्या दुकानावरून जाणारा रस्ता टाळू लागलो. त्यासाठी रोज बराच वळसा पडत असे, आणि त्याचा मात्र आम्ही कधी हिशेब केला नाही.

आता हिशेबाचेच घेऊ. समजा एका दुकानात दिवसाला पंचवीस गिऱ्हाइके येतात. पन्नासप्रमाणे साडेबाराशे रुपये झाले. दर सत्तर केला आणि सात जण सोडून गेले, तर उरलेल्या अठरांचे बाराशे साठ होतात. म्हणजे सात माणसे गमावूनही गल्ल्यात दहा रुपये जास्तच, शिवाय सात टॉवेल, सात ब्लेड आणि तासा-दोन तासांचे उभे राहणे वाचले. व्यापार शिकवणारे हेच सांगतात, की दर वाढवायला भिऊ नका, थोडी गिऱ्हाइके गेली तर जाऊ द्या. गणित बरोबर आहे. पण ते सात जण कोण, हे गणितात कोठेच येत नाही. आमच्यासारखे सहज देऊ शकणारे, पण रागावलेले, हेही त्या सातांत असतात. ज्या मजुराला तीन मुलांचे केस कापायचे आहेत आणि साठ रुपये जास्त म्हणजे ज्याच्या घरची एका वेळची भाजी, तोही त्यांतच असतो. दोघे सारखेच गप्प निघून जातात. दुकानदाराला दिसते ती फक्त रिकामी खुर्ची.

जुन्या काळी हा प्रश्नच नव्हता, असे कोणी म्हणेल. आपल्या भागात न्हाव्याला रोख पैसे नव्हते, सुगी झाली की खळ्यावर ज्वारीचे बलुते मिळत असे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ लिहिला, त्यात ही सारी व्यवस्था आली आहे. दर नाही, म्हणून दरवाढ नाही, आणि गिऱ्हाईक सोडून जाणेही नाही. ऐकायला गोड वाटते. पण गावाने पोसलेला न्हावी गावाच्या धाकातही असे. पीक बुडाले की तोही बुडत असे, आणि आपल्या श्रमाची किंमत स्वतः सांगण्याची सोय त्याला नव्हती. दुसरी गोष्ट याहून कडू आहे. अस्पृश्य म्हणून दूर ठेवलेल्या माणसांच्या डोक्याला तो हात लावत नसे. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतः लिहून ठेवले आहे, की साताऱ्यात न्हावी होते, त्यांना देण्याची ऐपतही घरात होती, तरी त्यांचे केस थोरली बहीण कापत असे. आपल्या धर्मग्रामातील काही घरांना ही गोष्ट पुस्तकातून वाचावी लागणार नाही.

म्हणून भिंतीवरच्या त्या पाटीकडे आम्ही आता जरा वेगळ्या नजरेने पाहतो. दर लिहिलेला असणे म्हणजे पैसे देणारा कोणीही खुर्चीत बसू शकतो, आणि कापणाऱ्याला हात पसरावा लागत नाही. पाटीवर आकडा आहे म्हणजे त्याला दोघांचीही इज्जत आहे. (हा हलका धंदा, असे अजूनही ज्यांना वाटते त्यांनी लक्षात घ्यावे, की वारकऱ्यांचे संत सेना महाराज न्हावी होते, आणि पेरू देशातील लिमा शहरात १५७९ साली जन्मलेले आपले संत मार्टिन डी पोरेस यांनी तरुणपणी न्हाव्याचे आणि शस्त्रवैद्याचे काम शिकले होते.)

रास्त किंमत कोणती, याचा विचार ख्रिस्तसभेने फार पूर्वी केला आहे. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी मांडले, की वस्तू देताना विकणाऱ्याचे नुकसान होत असेल तर ते त्याने किमतीत धरावे, त्यात अन्याय नाही. पण त्याचे काही नुकसान नसताना केवळ घेणारा अडलेला आहे म्हणून किंमत चढवली, तर तो अन्याय आहे, कारण घेणाऱ्याची गरज ही काही विकणाऱ्याची मालमत्ता नव्हे. आपण हे ऐकतो ते बहुधा दुकानदाराकडे बोट दाखवण्यासाठी. पण वस्तू तिच्या मोलापेक्षा कमी किमतीत घेणे हाही अन्यायच, असेही त्याच ठिकाणी त्यांनी म्हटले आहे. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ च्या ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात मजुरीविषयी हीच बाजू लावून धरली. मजूर गरजेपोटी कमी मजुरीला हो म्हणाला, तरी त्या होकाराने मजुरी न्याय्य ठरत नाही. स्टँडकडचा तरुण सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत उभा राहून पन्नास घेत होता. आम्ही त्याला स्वस्त म्हणत होतो. त्याला तो दर परवडतो का, हे आम्ही एकदाही विचारले नाही. वर्षभराने त्यानेही सत्तर केले, तेव्हा आम्हाला उत्तर मिळाले.

त्याच काळात मोबाईल कंपन्यांनी डिसेंबर २०१९, नोव्हेंबर २०२१ आणि जुलै २०२४ असे तीनदा दर वाढवले. आमच्या घरात चार मोबाईल आहेत. आम्ही कुरकुरत तिन्ही वेळा नव्या दराने रिचार्ज केला. कंपनीवर रागावून वळसा घालून जावे, असा तेथे रस्ताच नव्हता. जिथे आपले चालते तिथे आपण तत्त्व काढतो, आणि आपले चालते ते बहुतेक आपल्याहून लहान माणसापुढे.

आता आजोबांची गोष्ट. त्यांच्या खिशात आम्ही देऊ तेवढेच पैसे. केस कापायला आम्ही त्यांना पन्नास देत होतो आणि ते स्टँडकडे जाऊन येतात, असे समजत होतो. एकदा धाकटा सोबत गेला आणि घरी येऊन म्हणाला, ‘आजोबा तर मामांकडंच जातात.’ आजोबांनी पन्नासची नोट पुढे केली आणि मामांनी ती गल्ल्यात टाकली, पाटीकडे पाहिलेही नाही. वर बाकावरच्या दुसऱ्या म्हाताऱ्याला म्हणाले, ‘तुमचेही पन्नासच द्या, माझ्याकडे सुट्टे नाहीत.’ सुट्टे नसल्याचे ते कारण ऐकून धाकट्याला हसू आले होते, कारण गल्ला उघडाच होता.

हे बरोबर आहे का, यावर आमच्या घरात बरेच दिवस वाद झाला. एकाला पन्नास आणि दुसऱ्याला सत्तर, मग पाटी कशाला? सर्वांना एकच दर, ही पाटीची इज्जत आपणच वर मान्य केली ना? मत्तयकृत शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायातले द्राक्षमळ्याचे मजूर नेमके असेच कुरकुरतात. पहाटेपासून राबलेल्यांना ठरलेली मजुरी मिळाली, त्यांचे काही कमी झाले नाही. शेवटच्या तासाला आलेल्यांनाही तेवढीच मिळाली, हे त्यांना सहन झाले नाही. मळ्याचा धनी आपल्या खिशातून देतो. मामांनीही आजोबांचे वीस रुपये कोणा दुसऱ्या गिऱ्हाइकावर चढवले नव्हते. पण धनी सगळ्यांसमोर देतो, आणि मामा सुट्ट्यांचे निमित्त काढतात. हे निमित्त खोटे, हे खरेच. मात्र ते नसते तर आजोबा पुन्हा त्या खुर्चीत बसले नसते, हेही आम्हाला ठाऊक आहे. या खोट्याचा पाप म्हणून कबुलीजबाब द्यावा की नाही, यावर आमचे अजून एकमत झालेले नाही.

मामांची किती गिऱ्हाइके गेली, ते त्यांनी कोणाला सांगितले नाही. एवढे दिसले, की दुसरी खुर्ची त्यांनी काढून टाकली.

नाताळच्या आधीच्या शनिवारी आम्ही आजोबांसोबत गेलो. दुकानात गर्दी होती. काय बोलायचे ते आम्ही वाटेत ठरवले होते; दारात पोहोचेपर्यंत त्यातले काही सुचेना. मामांनी आरशातूनच आमच्याकडे पाहिले आणि म्हणाले, ‘या, बसा. दोघं जण आहेत पुढं.’ आम्ही बाकावर बसलो. पैसे देताना तिघांचे दोनशे दहा मोजले, आणि आजोबांनी आपली पन्नासची नोट वेगळी दिली.