आधी ऐकावे, मग टाकावे

नाशिकजवळच्या टाकळीला समर्थ रामदासांनी बारा वर्षे तप केले, असे परंपरा सांगते. पुढे दासबोधाच्या चौथ्या दशकात नवविधा भक्ती सांगताना त्यांनी पहिला समास श्रवणाला दिला. काय काय ऐकावे याची तिथली यादी चांगलीच लांबलचक आहे. शेवटी अट मात्र एकच: सगळे ऐकावे, सार शोधून घ्यावे, असार ते जाणून सोडावे. ही अट आपल्या गाणी ऐकण्याला लावली, तर जे कानावरच पडले नाही ते ‘आपल्याला आवडत नाही’ असे म्हणण्याचा अधिकार उरत नाही. अनोळखी बँड ऐकणे हा म्हणूनच निव्वळ छंद नाही. तो विवेकाचा सराव आहे.

गॅरेज रॉक ही या विवेकाची खडतर परीक्षा. साठच्या दशकातल्या अमेरिकी पोरांनी दोन-तीन कॉर्ड आणि खरखरत्या गिटारवर उभे केलेले हे संगीत आपल्या सुरेलपणाच्या कल्पनेत बसत नाही. ‘द किंग्जमेन’च्या १९६३ मधल्या ‘लुई लुई’त गिटारचा तुकडा संपल्यावर गायक ठरल्या जागेआधीच सुरुवात करतो, चूक लक्षात येताच थांबतो आणि ड्रमर वेळ निभावून नेतो. चूक तशीच ठेवली गेली आणि रेकॉर्ड तुफान गाजली. त्या धांदलीतच गाण्याचा जीव आहे, हे दोन-तीनदा ऐकल्याशिवाय कळत नाही. गिटारवादक लेनी के यांनी १९७२ मध्ये ‘नगेट्स’ या संचात अशी मागे पडलेली गाणी एकत्र केली, तेव्हा पुढच्या पंक रॉकवाल्या पिढीला आपले पूर्वज सापडले. आपल्याकडे सिगारेट कंपनीने पुरस्कृत केलेल्या ‘सिमला बीट’ स्पर्धेतल्या बँडच्या १९७० आणि १९७१ च्या तबकड्या आहेत. आज किती जणांनी त्या ऐकून नाकारल्या? बहुतेकांनी ऐकलेल्याच नाहीत.

कुणी म्हणेल, समर्थांचे श्रवण परमार्थासाठी. त्यात रॉक कशाला ओढता? रॉक ऐकणे म्हणजे भक्ती, असा दावा इथे नाही. पण निवाडा करण्याची जी रीत परमार्थात चालते, ती कलेत खोटी ठरत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: रोज नवे शोधणे हा चंचलपणाच नव्हे का? आहे, जर श्रवणामागे मनन नसेल तर. म्हणून आठवड्यात वीस बँड चाळण्यापेक्षा एकच पुन्हा पुन्हा ऐकावा. तिसरा आक्षेप असा की नवे बँड ॲप सुचवतेच. पण ते मुख्यतः आपण काल काय ऐकले यावरून सुचवते. नकोसे वाटेल असे समोर येऊच नये, हीच त्याची धडपड. टाकण्याजोगे काही समोर आलेच नाही, तर निवड केली कुणी?

नाशिकला सुला या वाइन कंपनीच्या द्राक्षमळ्यात, २००८ मध्ये सुरू झालेल्या सुलाफेस्ट या महोत्सवाच्या निमित्ताने, इंडी म्हणजे स्वतंत्र बँड येत आले आहेत. पुढच्या वेळी तिकीट काढाल तेव्हा ओळखीच्या नावाची वाट पाहत बसू नका. दुपारच्या उन्हात वाजवणाऱ्या अनोळखी बँडसमोर उभे राहा, शेवटपर्यंत ऐका आणि मग खुशाल नापसंत करा.