गाडी मागाहून



अमेरिकेत जेमतेम 34 इंच उंचीचे छोटे घोडे असतात. त्यांना गाडीला जुंपतात, पण शिकवणीच्या पहिल्या दिवशी गाडी नसतेच. आधी अंगावर नुसता साज चढवायचा. मग लांब लगाम धरून माणूस मागून पायी चालतो. पुढे एखादा टायर ओढायला देतात. त्याच्या खरखरीला घोडा बुजेनासा झाला की मग रिकामी गाडी. घाईने जुंपलेला घोडा एकदा का गाडीसकट उधळला, की पुन्हा दांड्यांमध्ये उभा राहायला घाबरतो.

पूर्वीच्या एका धर्मग्रामात आम्ही हीच घाई केली. दृढीकरण संस्कार नुकताच घेतलेला एक मुलगा, उत्साह दांडगा. वाचन, गायन, सणाचा हिशेब, सगळे त्याच्यावर टाकले. हिशेब चुकला. सभेत त्याला बोल लागले, त्यात आमचेही होते. नंतर तो मिस्सेला दाराबाहेरच उभा राहू लागला.

मत्तयच्या 11व्या अध्यायात प्रभू येशू जू घ्यायला सांगतो खरा, पण त्याआधी थकलेल्यांना जवळ बोलावून विसावा देऊ करतो. हा क्रम आम्ही विसरलो होतो.

युवकांची नवी समिती निवडायची आहे. नावे सुचवताना प्रत्येकामागून वर्षभर कोण चालणार, तेही चिठ्ठीवर लिहावे.