कन्हानचं पाणी, विदर्भाचा कापूस

पावसाळ्यात कन्हान गढूळली की पाण्याच्या गुंडावर चार पदरी फडकं बांधायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. फडकं जुन्या लुगड्याचंच हवं. धुऊन धुऊन सूत विसविशीत होतं, सुटे तंतू छिद्रांत आडवे येतात आणि गाळणी बारीक होते. बांगलादेशात अशाच जुन्या साडीच्या घडीतून पाणी गाळल्यावर पटकीचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. तो अभ्यास 2003 साली प्रसिद्ध झाला.

कापसात नव्वद टक्क्यांहून जास्त सेल्युलोज असतं. संशोधक आता याच सेल्युलोजच्या पडद्यावर तापमानाला प्रतिसाद देणाऱ्या रेणूंच्या साखळ्या जोडतात. पाणी साधारण 32 अंशांहून गार असलं की त्या पाणी धरून फुगतात, छिद्रं आवळली जातात. पाणी त्याहून तापलं की साखळ्या आक्रसतात, वाट मोकळी होते. गाळणीचं खरं दुखणं म्हणजे तिचं तुंबणं. जे अडवलं तेच तिच्या अंगाला चिकटतं. हा पडदा गार-ऊन पाण्याने फुगवत-आक्रसवत धुतला, तर चिकटलेला गाळ सुटायला मदत होते. अडवणं फडक्यालाही जमतं. अडवलेलं टाकून पुन्हा कामाला लागणं मला अधिक मोलाचं वाटतं.

पण 32 अंश म्हणजे कन्हानकाठच्या कामठीत काय? मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी चटका देतं, पौषातल्या पहाटे त्याच पाण्यात हात घालवत नाही. प्रयोगशाळेत शहाण्यासारखा वागणारा पडदा इथे उन्हाळाभर उघडाच राहायचा. शिवाय पडदा तुंबवायला राख आहेच. जुलै 2022 मध्ये खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला आणि कोराडी वीज केंद्राची राख कोलार नदीतून कन्हानपर्यंत पोचली. नागपूर आणि कामठी हेच पाणी पितात.

माटुंग्याच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेत कापसापासून नॅनोसेल्युलोज तयार करण्याचं काम झालेलं आहे. पाण्याचा अभ्यास करणारी नीरी ही संस्था 1958 पासून नागपुरातच आहे. सरकीवरची आखूड लव, जिच्यातून शुद्ध सेल्युलोज मिळतं, ती तर विदर्भाचीच. संशोधन करणाऱ्या मुलामुलींना एवढंच सांगणं आहे: पडदा बनवाल तेव्हा त्याची परीक्षा शुद्ध पाण्यावर संपवू नका. कन्हानचं पाणी घ्या, श्रावणातलंही आणि मे महिन्यातलंही.