बीए करून काय मिळतं?

नात बारावी झाली नि म्हणाली, "आजोबा, मी इतिहास घेऊन बीए करणार." घर गप्प. तिचा बाप रोह्याजवळ धाटावच्या एमआयडीसीत कंत्राटी कामाला. तो म्हणाला, "तिथं आयटीआयवाल्याला विचारतात, बीएवाल्याला नाय." खोटं नव्हतं ते. फी एक वेळ भागेल. पण तीन वर्षांची एसटी आणि बुडणारी कमाई?

मी दहावी झालो तेव्हा वडील म्हणाले होते, "आपल्या पेणच्या गागोद्याचे विनोबा. त्यांनी सर्टिफिकिटं चुलीत घातली. तुला कशाला हवीत?" मी नांगर धरला. पुढं वाचल्यावर कळलं, विनोबांनी १९१६ साली इंटरची परीक्षा सोडली, शिकणं नाही. ते वाईला जाऊन संस्कृत शिकले, जन्मभर भाषा शिकत राहिले. वडिलांकडं पैसे नव्हते. तसं सांगणं जड गेलं, म्हणून विनोबा पुढं केले.

२००८ साली सेझला जमीन द्यायची का, यावर आमच्या तालुक्यातल्या २२ गावांत मतदान झालं. त्या दिवसांत सरकारी कागद हातात यायचा. अक्षरं वाचता यायची, अर्थ लागायचा नाही. मग समजणाऱ्या माणसाचं दार शोधत फिरायचं.

नातीला म्हटलं, "पोरी, या डिग्रीनं नोकरी लागेलच असं नाही. संगणक, परीक्षा वेगळ्या कराव्या लागतील. कर्ज काढणार नाही, भात विकून जमेल तेवढं देईन. नाही जमलं, तर पैसे नाहीत असंच सांगेन."

तिनं फॉर्म भरला. बाप अजून नीट बोलत नाही.