साठ रोपांचे गणित

शाळेला नवी खोली हवी म्हणून अंगणातला कडुनिंब पाडायचे ठरले, तेव्हा मीही होकार दिला. खोली हवीच होती. बदल्यात मुलांनी हौसेने रोपे लावली. तरी माझे मन निवेना.

नागरी भागातील झाडांच्या कायद्यात २०२१ साली आपल्या राज्याने दुरुस्ती केली : तोडलेल्या झाडाचे वय जितके, तितकी रोपे लावावीत. साठ वर्षांच्या निंबाबद्दल साठ रोपे! मास्तर म्हणून मी या गणिताला पूर्ण गुण देईन. पण आमच्या बोरी अरबच्या वैशाखात साठ रोपांखाली एक म्हातारी तरी टेकेल काय? सावली गेली तिची. मिळणार ती तिच्या पणतवाला.

मुंबईच्या आरे वसाहतीत मेट्रोच्या कारशेडसाठी २०१९ च्या ऑक्टोबरात २,१४१ झाडे पडली. ४ तारखेला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या, त्याच रात्री करवती चालल्या. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली. पडलेली झाडे मात्र उठली नाहीत. मेट्रोही लोकांच्याच सोयीची, हे मी जाणतो.

म्हणून, वाचकहो, झाड तोडूच नये असे मी म्हणत नाही. रोपे लावली म्हणजे देणे फिटले, असे मात्र म्हणू नये. काही देणी अंगावर वागवायचीच असतात; त्या ओझ्यानेच पुढची कुऱ्हाड थोडी थबकते.