विटाळाची सक्ती आणि श्रद्धेचा प्रश्न

बाईचं शरीर महिन्यातले चार दिवस देवाला चालत नाही, ही समजूत मुलीला कुणी पोथी उघडून शिकवत नाही. बारा-तेराव्या वर्षी ती घरातल्या वागण्यातून तिच्यात उतरते: देवघराकडे जाऊ नको, लोणच्याच्या बरणीला शिवू नको. सांगणारी बहुतेक वेळा आईच असते. मनाई आधी येते, कारण मागाहून. आणि तोवर आपल्यातच काही उणं आहे असं त्या मुलीला वाटू लागलेलं असतं. स्त्रीविषयीचे ठोकळेबाज समज असेच घडतात, असं माझं म्हणणं आहे. नियमाने आधी संकोच निर्माण करायचा, मग त्या संकोचाला बाईचा स्वभाव म्हणायचं आणि त्याच स्वभावाचा दाखला देऊन नियम योग्य ठरवायचा. त्याला धर्माचं पाठबळ मिळालं की शंका घेणंही पाप ठरतं.

तरी शंका घेतली गेली आहे, आणि ती बाहेरून आलेली नाही. चौदाव्या शतकात चोखामेळ्याची पत्नी सोयराबाई हिने अभंगांतून मांडलेला विचार मला आजही बिनतोड वाटतो. देह विटाळातूनच जन्मतो, विटाळावाचून देहच नाही, मग सोवळा कोण, असा तिचा सवाल आहे. महार म्हणून जन्मभराचा आणि बाई म्हणून महिन्याचा, असे दोन्ही विटाळ तिच्या वाट्याला आले होते. २८ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शबरीमला मंदिरातल्या स्त्रीप्रवेशाचा निकाल चार विरुद्ध एक मतांनी दिला, तेव्हा न्या. धनंजय चंद्रचूड यांनी पाळीवरून होणाऱ्या मनाईला संविधानाच्या १७ व्या कलमातली अस्पृश्यता म्हटलं. जातीचा आणि पाळीचा विटाळ एकाच मुळाचा आहे, हे सोयराबाईला शतकांपूर्वी दिसलं होतं.

यावर सांगितलं जातं की, ही तर बाईला मिळणारी विश्रांती होती. विश्रांतीची गरज खरी आहे, पण तिच्यासाठी स्पर्शबंदी कशाला लागते? रोजंदारीवर शेतात राबणाऱ्या बाईला त्या दिवसांत घरी बसणं कधी परवडलं? गडचिरोलीच्या माडिया गावांत पाळी आलेल्या बाईला वस्तीपासून दूर कुर्माघरात राहावं लागतं. पडक्या झोपडीत, साप-विंचवांच्या भीतीने काढलेल्या रात्रीला विश्रांती म्हणवत नाही. दुसरा युक्तिवाद शबरीमलाचा: प्रश्न विटाळाचा नाही, तिथला देव अय्यप्पा नैष्ठिक ब्रह्मचारी आहे, म्हणून दहा ते पन्नास वयाच्या स्त्रिया तिथे नकोत. म्हणजे बाई अपवित्र नसेल तर मोह तरी आहेच! पुरुषाचं व्रत सांभाळायची जबाबदारी बाईच्या शरीरावर का, याचं उत्तर त्यात नाही. पुरुषांचे दोष बाईच्या माथी मारण्याच्या या रीतीवर ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' या पुस्तकात घणाघाती हल्ला चढवला होता.

सर्वांत वजनदार आक्षेप श्रद्धेचा आहे. शबरीमलाच्या पीठातल्या एकमेव स्त्री न्यायाधीश इंदू मल्होत्रा यांनीच विरोधी मत नोंदवलं. धर्मश्रद्धेला न्यायालयाने तर्काची कसोटी लावू नये, असं त्यांचं म्हणणं. प्रथेच्या बाजूने असंख्य स्त्रियाही रस्त्यावर उतरल्या. त्यांची श्रद्धा खोटी म्हणणं उद्धटपणाचं होईल. परंतु श्रद्धेने स्वतः थांबणाऱ्या बाईला कुणीच अडवत नाही. वाद आहे तो दुसरीला थांबवण्याच्या अधिकाराचा. शनिशिंगणापूरच्या शनिमंदिराचा चौथरा ८ एप्रिल २०१६ रोजी, गुढीपाडव्याला, स्त्रियांना खुला झाला, तेव्हा खालून दर्शन घेऊ इच्छिणाऱ्या बाईचं काहीही हिरावलं गेलं नाही. त्याआधी मुंबई उच्च न्यायालयाने ज्या कायद्याकडे बोट दाखवलं, तो सार्वजनिक पूजास्थानांतल्या प्रवेशाचा कायदा १९५६ चा होता. साठ वर्षं तो हाताशी असूनही बायका चौथऱ्याखालीच राहिल्या. त्यांना वर जायचंच नव्हतं, असा याचा अर्थ लावता येईल. पण मागणी करायचं मनातही येऊ नये, असं ज्यांना लहानपणापासून वळण लावलं, त्यांच्या गप्प राहण्याला संमती कोणत्या न्यायाने म्हणायचं?