वॉलपेपरमागची भिंत

बेडरूमचा वॉलपेपर कोपऱ्यातून ओढला आणि एका दमात उतरला. इतका सहज सुटतोय म्हणजे मागे गडबड आहे, हे पेंटरकाकांनी लगेच ओळखलं. खिडकीखाली लोणा लागला होता. हात लावला की पांढरी भुकटी. तीन वर्षांपूर्वी रिसेलमध्ये हा फ्लॅट घेताना मी याच भिंतीवरच्या पानाफुलांचं कौतुक केलं होतं.

आता बंगळुरूला नोकरी लागली, म्हणून विकतोय. घेणारं जोडपं रविवारी पुन्हा बघायला येणार आहे. बाळ आठ महिन्यांचं. पाळणा खिडकीपाशी ठेवायचा, हे त्यांचं ठरलंसुद्धा आहे.

काका म्हणाले, "साहेब, चिकटलेला गोंद गरम पाण्यानं धुवावाच लागेल, नाहीतर प्रायमर धरणार नाही. पुढे तुम्ही सांगाल तसं. बाहेरची भेग भरून भिंत नीट वाळू द्यायची, त्याला आठवडे लागतील. नाहीतर आत्ताच पुट्टी भरतो, पॉलिश पेपर मारून दोन हात देतो. पावसाळ्यापर्यंत काही दिसणार नाही."

माझं डोकं लगेच वकिली करायला लागलं. ओलीबद्दल त्यांनी विचारलेलंच नाही. मी खोटं कुठे बोलतोय, रंग तर देतोय! आमच्या कोडमध्येही असं करतात: एरर पकडायची आणि गिळून टाकायची. प्रोग्रॅम चालू राहतो, आणि सहा महिन्यांनी भलत्याच कुणाचा तरी रविवार वाया जातो.

सिसेरोने इ.स.पूर्व 44 मध्ये नेमका हाच प्रश्न घेतला होता: दोष माहीत असलेलं घर विकणारा माणूस. बॅबिलोनचा डायोजेनिस (कंदीलवाला नव्हे) म्हणतो, घ्यायची सक्ती कुणी केली होती? अँटिपेटर म्हणतो, वाट चुकलेल्याला वाट न दाखवण्यासारखंच आहे हे. सिसेरो विकणाऱ्याने सांगायला हवं या बाजूचा. मी, खरं सांगतो, अर्धा दिवस डायोजेनिसच्या बाजूला होतो. मलाही कुणी सांगितलं नव्हतंच की! हा हिशोब मला अजून सतावतो, कारण तो बरोबर वाटत होता.

अडलो ते काकांच्या हाताकडे बघताना. पुट्टीत त्यांचा हात फार साफ आहे. काम जितकं चांगलं होईल, तितकी ओल जास्त दिवस लपेल.

फोटो काढून पाठवला. निळ्या टिका आल्या. वीस मिनिटांनी उत्तर: "मग किती कमी करताय?"

काकांना म्हटलं, पुट्टीची गोणी उघडू नका. गोंद तेवढा धुऊन घ्या.